खांद्यापर्यंतचा हात

उरागामींच्या कारखान्यातलं सगळ्यात महागाचं यंत्र कोणतं, असं पाहुण्यांनी विचारलं की मालक हात पाठीमागे बांधत, दोनदा घसा खाकरत आणि हनुवटीनं जिन्याकडे दाखवत. "ते काय, चहा घेऊन येतंय."

जिन्यावरून नागोशी सुमिए बार्लीच्या चहाची किटली घेऊन वर येत असायची.

"महाग कसली, शाचो?" मालकांना सगळे शाचोच म्हणत. "महागाच्या यंत्राला कुणी जिने चढायला लावतं का? त्याला लिफ्ट लागते."

"लिफ्ट बसवायची तर तुला विकावं लागेल."

"विका की. पण घेणाऱ्याला आधी सांगा, फार खातं म्हणून."

पाहुणे हसत, शाचो खाकरत, चहा ओतला जाई. हिगाशी-ओसाकातल्या त्या गल्लीत डाव्या हाताला स्क्रू कापणारा, उजव्या हाताला टूथब्रशचे दांडे ओतणारा आणि मधल्या दुमजली पत्र्याच्या इमारतीत उरागामी. इथे गेमचे कंट्रोलर बनत. बटणं दाबायचे साधे नव्हेत. ते मोठ्या कंपन्या स्वतःच करतात. इथे यायची ती आडवळणाची कामं: हलवायचा खुळखुळा, बडवायचा ढोल, पायाखाली डुलणारी फळी, आगगाडी हाकायचा दांडा. माणूस जसा हलेल तसं पडद्यावर हललं पाहिजे. आणि ते हलतंय की नाही हे ठरवायला एक हात लागतो. तो हात सुमिएचा.

ती आली होती खोकी चिकटवायला. एकदा ढोल तपासणारा माणूस आजारी पडला म्हणून शाचोंनी तिला वर बोलावलं, आणि पोरीनं काठ्या हातात घेऊन आधी रुसलेला शाळकरी मुलगा बडवून दाखवला, मग बियर पिऊन आलेला हिशेबनीस, मग सुनेवर राग काढणारी सासू. ढोल तोच, पण प्रत्येक वेळी काठी धरणारं माणूस वेगळं. शेवटी तिनं पाठ ताठ करून, हात जेमतेम वीतभर उचलून, काठी टेकवायच्या आधी दोनदा घसा खाकरला. वरचा मजला हसून लोळला. शाचो सोडून. शाचो म्हणाले, "उद्यापासून खोकी दुसरं कुणीतरी चिकटवेल."

तेव्हापासून कारखान्याची पद्धतच पडली. नवं काहीही बनलं की पहिला हात सुमिएचा. तिचा साधा, सरळ, कुणाचीही नक्कल न करणारा हात म्हणजे शून्य. बाकी जगाचे हात त्या शून्यापासून मोजायचे: कुणी जास्त, कुणी कमी. बड्या कंपनीचे सुटाबुटातले इंजिनियर यायचे तेही आपसात म्हणायचे, "शून्य आज आलंय ना?" पन्नाशी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या, ताकोयाकीचे गरम गोळे खाताना हमखास जीभ भाजून घेणाऱ्या बाईला कुणी शून्य म्हणावं आणि तिनं त्यावर फुलून यावं, हे दुसरीकडे कुठे घडणार नाही.

मग खांदा गेला.

आधी वाटलं, पन्नाशीचा खांदा. सगळ्यांनाच होतो, वर्षभर कुरकुरतो आणि आपोआप जातो. वर्ष गेलं, दुखणं गेलं नाही. डॉक्टर म्हणाला, आतला दोर तुटलाय, फार दिवस तसाच वापरलात. हात आता खांद्यापर्यंतच येईल. घरात सुमिएनं धुणं वाळत घालायची काठी खाली बांधून घेतली. केस विंचरताना हात डोक्याकडे न्यायचा सोडून डोकं हाताकडे न्यायला शिकली. घरचं निभलं. कारखान्याचं?

कारखान्यात तिनं नकला वाढवल्या. हात अर्ध्यात अडकला की लगेच तोंड वाकडं करून, "ही आमची आजीबाई हं!" असं ओरडायची. पुन्हा अडकला की, "हे आजोबा, नाकावर चष्मा घसरलेला!" सगळे हसायचे. हळूहळू तिच्या नकलांतली पोरं, हिशेबनीस, भांडकुदळ सासवा कमी होत गेल्या आणि सगळी माणसं म्हातारी झाली. शून्याची पाळी यायची तेव्हा मात्र नक्कल चालत नसे. तिथे ती हात खांद्यापर्यंत आणायची आणि उरलेली फेक मनगटाच्या एका हिसक्यानं भरून काढायची. चोरून. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं.

त्याच सुमाराला बड्या कंपनीचं मोठं काम आलं. पुढच्या कन्सोलबरोबर निघणारी, एकही बटण नसलेली काठी. हातात धरून फेकायची, पडद्यावर समुद्रात गळ पडायचा आणि कात्सुओ मासा लागला की काठीच्या पोटातलं चाक गरगर फिरून हाताला खरोखरचा हिसका द्यायचा. जितकी मोठी फेक, तितका मोठा हिसका. घरात पोरंही खेळतील आणि म्हाताऱ्यांच्या केंद्रात हातापायांना व्यायामही होईल, असं कंपनीचं म्हणणं. हे काम जमलं तर उरागामींकडे पुढची पाच वर्षं बघायला नको.

पहिल्या दिवशी सुमिएनं काठी फेकली. खांद्यापर्यंत, वर मनगटाचा हिसका. पडद्यावर गळ नावेच्या बुडाशीच बुडुक्‌ करून पडला.

उकाई आकड्यांच्या पडद्यामागे बसला होता. चाळिशीचा, कायम थंडी वाजल्यासारखे खांदे आवळून बसणारा. त्यानं पडदा बघितला, मग सुमिएचा खांदा बघितला, आणि झटकन पुन्हा पडदा बघितला.

"नाही म्हणजे..." उकाईचं प्रत्येक वाक्य नाहीपासून सुरू व्हायचं. "तसं बघायला गेलं तर... माझीच गणितं कच्ची असणार, नागोशी-सान."

"तुझी गणितं? तू तर झोपेतसुद्धा पाढे म्हणतोस, असं तुझी बायको सांगते."

"नाही म्हणजे, हल्ली चुकतात."

ती चहा आणायला खाली गेल्यावर त्यानं गणित चढवलं. छोट्या फेकीला मोठी फेक समजायचं. कुणाला सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे कारण सांगावं लागलं असतं.

खालच्या मजल्यावर मिझोबे सुटे भाग जुळवायची. सुमिएच्याच वयाची, तोंडाचा पट्टा सकाळी सुरू झाला की संध्याकाळी शटर पडेपर्यंत. तिनं एकदा कपडे बदलायच्या खोलीत पाहिलं, सुमिएचा उजवा हात कामाच्या डगल्यात शिरेना. "अगबाई, काय हे डगले शिवतात हल्ली, बाह्या आहेत की नळकांडी, परवा माझापण असाच अडकला," असं बडबडत तिनं डगला मागून धरला, हात आत सरकवला आणि एक अवाक्षर त्याबद्दल काढलं नाही. एवढ्याशा फेकीवर बिचारीच्या काठीला हिसका कसा लागणार, म्हणून तिनं काठीत जरा जड चाक घातलं. गुपचूप.

आणि शाचो. शाचो रोज काचेमागून तिची फेक बघत. तरणीताठी असल्यापासून बघत आलेले. ते काय फसणार? त्यांनी चाकाची मोटर देणाऱ्याला फोन लावला, पाठ फिरवली, दोनदा खाकरले. "जरा दमदार द्या हो. का म्हणजे? द्या म्हणतोय ना."

तिघांनीही आपापल्या जागी सुमिएची लाज राखली. तिघांनाही वाटलं, आपल्याला एकट्यालाच कळलंय.

तिन्ही बदल एकत्र झालेली काठी तयार झाली ती म्हाताऱ्यांच्या केंद्रात नेऊन दाखवायच्या आदल्या दिवशी. पद्धतीप्रमाणे पहिला हात सुमिएचा. तिनं फेकली आणि काठीनं असा काही हिसका दिला की खांद्यापासून कानापर्यंत वीज गेली. डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, काठी ठीकच असणार. आपला खांदाच आता एवढासुद्धा सोसत नाही. हिसका जोरात आहे म्हणावं, तर सगळे विचारतील, कुणाला जोरात? कसा जोरात?

"छान आहे," सुमिए म्हणाली.

शून्यानं छान म्हटल्यावर दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हीही पद्धतच.

केंद्रात म्हातारेकोतारे खुर्च्यांवर अर्धगोल करून बसले होते. तिथली मुलगी शिशुवर्ग घेतल्यासारखी गात होती, "चलाऽ, आज आपण काऽय पकडणार? माऽसे!" पहिल्या दोन आज्यांनी काठी अशी हलवली की माश्या हाकलतायत वाटावं. इवलासा हिसका बसला, त्या "अय्या!" म्हणून खुदुखुदु हसल्या. शाचो प्रसन्नपणे खाकरले.

तिसरा मुनेओका. ऐंशी पार केलेला, हाडापेरानं मोठा, इतका वेळ खिडकीबाहेर तोंड करून बसलेला. जपानच्याच कोचीच्या किनाऱ्यावरचा. आयुष्यभर नावेवरून काठीनं कात्सुओ मारलेला माणूस. लेकीनं शहरात आणून ठेवला होता.

"आजोबाऽ, तुमची पाळी!"

"मला नको तुमचं ते खुळखुळं."

सुमिए त्याच्याजवळ गेली. आजोबा मंडळी तिला वश व्हायची. "खुळखुळं नाही हो, गळाची काठी आहे."

"ही? हिनं कानातला मळ काढतात आमच्याकडे."

"मग काढून दाखवा. का घाबरलात?"

म्हाताऱ्यानं तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "तू फेकतेस?"

"माझं पोटच त्याच्यावर आहे."

"बायका गळ फेकायला लागल्या म्हणजे समुद्रातले मासे हसून मेले असतील." तो बोलता बोलता काठी धरून उठला. केंद्रातल्या मुलीच्या सांगण्यानुसार बसूनच खेळायचं होतं, पण नावेवर बसून कुणी कात्सुओ मारलाय? त्यानं पाय फाकले, गुडघे सैल सोडले, काठी मागे नेली. वाकडं झालेलं म्हातारं शरीर क्षणभर असं सरळ झालं की सुमिएच्या अंगावर काटा आला. आणि मग त्यानं फेकली. खांद्यावरून, डोक्यावरून, सगळा माणूस त्या एका हातात घालून.

काठीनं ती फेक तिप्पट मोठी समजली. मासा लागला. चाक फिरलं.

मुनेओका हवेत वळल्यासारखा वळला आणि कमरेवर पडला. आवाज फार मोठा झाला नाही. ओलं फडकं जमिनीवर टाकावं तेवढाच. पडद्यावर एक गोड बाईचा आवाज म्हणाला, "वा! केवढा मोठा मासा!" ती ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, कारण काठीला बंद करायचं बटणच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चौघं वरच्या मजल्यावर टेबलाभोवती बसले. काठी मधोमध रुमालावर ठेवलेली.

"नाही म्हणजे, चूक माझी," उकाई म्हणाला. "मी आकडे चढवले होते."

"का?" शाचोंनी विचारलं, आणि विचारल्याबरोबर जीभ चावली.

"असंच."

मिझोबेच्या तोंडाचा पट्टा सकाळपासून बंद होता. "चाक मी बदललं," ती एवढंच म्हणाली. "जड घातलं."

तिला कुणी का विचारलं नाही.

शाचो एकदाच खाकरले. "मोटर मी मागवली."

मग तिघं टेबलाकडे बघत राहिले. टेबलाकडे, काठीकडे, खिडकीबाहेरच्या तारांकडे. एक जागा सोडून सगळीकडे बघून झालं. ती जागा म्हणजे सुमिएचा उजवा खांदा.

तेव्हा तिला कळलं. झाकली मूठ म्हणून जी ती जपत होती, ती केव्हाचीच उघडी होती. बाकीच्यांनी फक्त माना वळवल्या होत्या. आणि म्हातारा पडला होता तो त्या वळलेल्या मानांच्या मधल्या जागेत.

"शाचो, मी परवा छान म्हटलं, पण..."

"चहा घेऊ या," शाचो घाईघाईनं म्हणाले. "उकाई, खिडकी उघड जरा. किती कोंदट झालंय."

सुमिएनं चहा ओतला. डाव्या हातानं. तेही कुणाला दिसलं नाही.

काळे कपडे घालून, लाल चवळीच्या मिठाईचा डबा घेऊन चौघं कमरेचं हाड मोडलेल्या मुनेओकाची इस्पितळात माफी मागायला गेले. ओळीनं उभे राहून कमरेत वाकले. शाचो म्हणाले, यंत्रात दोष राहिला. उकाई म्हणाला, दोष माझा. मिझोबे म्हणाली, माझा. मुनेओकाची मुलगी त्यांच्याहून खाली वाकून म्हणाली, "छे छे, बाबांनाच मेली हौस, बसून खेळा सांगितलं होतं, तुम्हाला उगाच त्रास." इतक्या माफ्या झाल्या त्या खोलीत, पण खरी गोष्ट काही कुणाच्या तोंडून निघाली नाही.

पुढच्या रविवारी सुमिए एकटीच गेली.

"आज एकटीच?" म्हातारा उशीवरून म्हणाला. आठवड्याभरात निम्मा झाला होता. "बाकीचे कावळे कुठे गेले?"

"कावळ्यांना रविवारी सुट्टी असते."

"बरं झालं. नुसते वाकत होते. एकानं तरी विचारावं, मासा कसा होता म्हणून."

"कसा होता?"

"खोटा होता. पण ओढ खरी होती." त्यानं मान तिच्याकडे वळवली. "दाखव तुझी फेक. तुझं पोट आहे म्हणालीस ना त्याच्यावर?"

तिनं कोपऱ्यातली छत्री उचलली. पाय फाकले, त्यानं फाकले होते तसे. छत्री खांद्यापर्यंत आली, थांबली, मनगट हिसकलं.

"तुझा खांदा गेलाय की गं."

डॉक्टर सोडला तर दोन वर्षांत हे वाक्य तिच्यासमोर पहिल्यांदा कुणी उच्चारलं होतं. तिला छत्री खाली घेता येईना.

"आमच्या नावेवर खांदा गेलेल्याला काठी देत नसत," मुनेओका म्हणाला. "भात शिजवायला लावत. तो बसायचा शिव्या देत, पण शिजवायचा. नाहीतर त्याच्या गळाचा मासा शेजारच्याच्या थोबाडावर बसतो. तुझ्या त्या कावळ्यांना माहीत नव्हतं?"

"होतं."

"मग?"

"त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही."

म्हातारा हसायला लागला आणि हसता हसता खोकत सुटला. नर्स धावत आली. खोकला थांबल्यावर तो म्हणाला, "फार चांगली माणसं दिसतात," आणि भिंतीकडे तोंड केलं.

थंडीत त्याच्या छातीत कफ भरला. अंथरुणाला खिळलेले म्हातारे जातात तसाच तोही गेला. मुलीनं कारखान्यात फोन करून, कळवायला उशीर झाला म्हणून माफी मागितली.

काठी कंपनीनं रद्द केली. पण काम रद्द केलं नाही, उलट आणखी मोठं काम पाठवलं. त्याबरोबर एक हसतमुख तरुण माणूसही पाठवला. "हलणं आता जुनं झालं हो, नागोशी-सान!" त्याला प्रत्येक वाक्याच्या शेवटी टाळी वाजवायची सवय होती. "पुढच्या कन्सोलला हलावंच लागणार नाही! मनगटाला हा पट्टा, हात टेबलावर, आणि फक्त मनात आणायचं! शिरा आतल्या आत जे कुजबुजतात ना, ते हा ऐकतो! अंथरुणावर पडलेला माणूससुद्धा खेळेल! आणि शून्य अर्थातच तुम्ही!"

सुमिए टेबलापाशी बसली. पट्टा बांधला गेला. उकाई आकड्यांमागे, मिझोबे दाराशी, शाचो काचेजवळ. हात हलवायचाच नाही. म्हणजे लपवायचंही काही नाही. शटर कायमचं पडेपर्यंत ती शून्य राहू शकत होती आणि पुन्हा कधी कुणाला मान वळवावी लागणार नव्हती. इतकं हलकं तिला दोन वर्षांत वाटलं नव्हतं.

तिनं डोळे मिटले. तरुणपणीचा आपला हात आठवला, वरपर्यंत जाणारा. त्यात मुनेओकाचे फाकलेले पाय घातले, सैल गुडघे घातले. मनातल्या मनात काठी मागे नेली आणि खांद्यावरून, डोक्यावरून, सगळी सुमिए एका हातात घालून फेकली.

डोळे उघडले. पडद्यावरचा हात काठी घेऊन वर येत होता. खांद्यापर्यंत आला. थांबला. मनगट हिसकलं. गळ नावेच्या बुडाशी बुडुक्‌ करून पडला.

तिनं पुन्हा फेकली. पुन्हा खांद्यापर्यंत.

"थोडंसं कमी येतंय का?" तरुण माणसानं टाळी न वाजवता विचारलं.

"नाही म्हणजे..." उकाई म्हणाला. "तसं बघायला गेलं तर... आमचीच गणितं..." आणि त्याची बोटं कळफलकाकडे निघाली.

"पट्टाच ढिला बसलाय मेला," मिझोबे दारातूनच म्हणाली.

शाचो काचेजवळ दोनदा खाकरले.

"उकाई, हात काढ तिथून," सुमिए म्हणाली.

त्याची बोटं हवेत राहिली.

"गणित बरोबर आहे. पट्टा घट्ट आहे. माझा खांदा गेलाय, दोन वर्षं झाली. आता मनातूनसुद्धा वर जात नाही. हे शून्य नाही. ह्याच्यावर काही मोजू नका."

"नागोशी-सान, जरा चहा..."

"नको, शाचो."

तरुण माणसानं एकदा मालकांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि दोन्ही हातांनी फोन धरून, वाकून वाकून बोलत जिना उतरायला लागला. दुसरा हात लागणार होता, शक्यतो तरुण, शक्यतो या आठवड्यात. खालून त्याचा आवाज बराच वेळ येत होता.

सुमिए डाव्या हातानं पट्टा सोडायला लागली. बक्कल चमत्कारिक होतं, सुटेना. उकाई टेबलाकडे बघत होता. शाचो तारांकडे. शेवटी मिझोबे दारातून आली, तिच्यासमोर खाली बसली आणि मनगट हातात घेतलं.

"दे. तुला नाही जमायचं," ती म्हणाली. "मला माहीत आहे. डगल्याच्या वेळेपासून."